मॅचच्या दिवसाची हजेरी धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा एसवायला आहे, कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये डिफेंडर खेळतो. गेल्या महिन्यात ७५ टक्के हजेरी भरत नाही म्हणून आम्हाला कॉलेजात बोलावलं, आणि बुडालेली लेक्चर्स बघितली तर निम्मी अशा दिवसांची, की तो त्याच कॉलेजची जर्सी घालून इंटरकॉलेजिएट खेळायला गेला होता! तसं सांगितलं तर उत्तर आलं, फुटबॉल खेळून पुढे काय करणार?

तेव्हा मला काही सुचलं नाही म्हणून आता लिहितोय. अमेरिकेतल्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचे माजी प्रमुख जेफ्री इमेल्ट डार्टमथ कॉलेजकडून फुटबॉल खेळायचे, म्हणजे त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल. हे आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटातलं कॉलेज, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, खेळ सांभाळून त्यांनी १९७८ ला मॅथ्सची डिग्री घेतली, मग हार्वर्डचं एमबीए, १९८२ ला जीईत आणि ७ सप्टेंबर २००१ ला सीईओ. चौथ्याच दिवशी ट्विन टॉवर्स पडले, आणि जीई तर विमानांची इंजिनं बनवणारी कंपनी. १६ वर्षं ते त्या खुर्चीवर होते, शेअर पडला म्हणून टीकाही खूप झाली, ती मी नाकारत नाही.

मला मोलाची वाटते ती त्यांची मैदानावरची जागा. ऑफेन्सिव्ह टॅकल. तो बॉल घेऊन पळत नाही, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्याला अडवून धरायचं आणि मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच काम, टाळ्या दुसऱ्याला. आमचा पोरगाही तेच करतो, भर पावसात चिखलात आडवा पडून बॉल काढतो आणि पेपरात नाव येतं गोल मारणाऱ्याचं, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला प्रॅक्टिसला हजर. ऑफिसात असाच माणूस लागतो ना? आपल्या मुंबईत टाटा, मफतलालच्या फुटबॉल टीम होत्या तेव्हा कंपन्यांना हे कळत होतं, २०१० ला महिंद्रा युनायटेडही बंद झाली.

माझं मागणं साधं आहे. कॉलेजनेच पाठवलेल्या मॅचचा दिवस हजर म्हणून धरा आणि बुडालेलं प्रॅक्टिकल नंतर करून घ्या. मुलाच्या हॉल तिकिटाचं अजून काही ठरलेलं नाही.

– एक पालक, नायगाव, दादर (पूर्व)