चोर सापडले नाहीत, तरी अक्काचा अर्ज कर

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. आईच्या गुडघ्याचं चालूच आहे. चोरांनी अक्काच्या हातावर कोयत्याने वार केला, त्याच्या भरपाईचा विषय निघाला की तू म्हणतोस, "चोरच सापडले नाहीत, आता मागायचं कुणाकडे?" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

आरोपी सापडायची वाट बघू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ याच प्रसंगासाठी आहे: गुन्हेगाराचा पत्ता लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती सरकारी योजनेतून भरपाई मागू शकते. अर्ज पोलीस ठाण्यात नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात) द्यायचा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची, असं कलमातच आहे.

एफआयआरची प्रत जोड. ती फुकट मिळते, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, आधार, अक्काचं पासबुक हेही लागेल. पण सगळ्यात आधी केसपेपर काढून बघ. दुखापत कशी झाली, त्या ओळीत काय लिहिलंय? धावपळीत सोबतचं माणूस "पडल्या" म्हणतं, डॉक्टर तेच उतरवतात, आणि पुढे कोयत्याचा वार आणि "पडून मार" यांचा मेळ बसत नाही. तसं असेल तर खाडाखोड अजिबात करवून घेऊ नकोस. लेखी अर्ज देऊन डॉक्टरांकडून तारीख-सहीची वेगळी नोंद माग.

हाताचं दुसरं ऑपरेशन थांबलंय ना? मग भरपाईच्या निकालाआधीच अंतरिम मदत माग. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला असेल, तर प्राधिकरण मोफत उपचाराचा आदेश देऊ शकतं. हा दाखला कुणी आपणहून देत नाही, मागावा लागतो.

कुणीतरी "मनोधैर्य"चा फॉर्म भरायला सांगेल. ती योजना बलात्कार, ॲसिड हल्ला, बालकांवरचे लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांसाठी आहे. अक्काची केस त्यात बसत नाही, उगाच वेळ जाईल.

आणि अर्ज तू लिहू नकोस! खानावळीविरुद्धचा तुझा चार पानी अर्ज आठवतो ना? आमटीचा मुद्दा सोडून त्यात सगळं होतं. त्यावरून आपण आठवडाभर भांडलो होतो, आणि मी अजून माझ्याच बाजूचा आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर विचार. अर्ज दिलास की आवक क्रमांकाची पोच घे. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. न कळवल्यास लेखी विचार.

अक्का रात्री दचकून उठते म्हणालास. "होईल बरं" म्हणून सोडू नकोस रे. सखी केंद्रात, म्हणजे अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, समुपदेशक असते; १८१ या महिला हेल्पलाइनवर पत्ता मिळेल. बाहेर पडायला तयार नसेल तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोनवरूनच बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तू लावून दे, पण बोलताना खोलीबाहेर थांब.

बढतीबद्दल अभिनंदन, वहिनींना नमस्कार, चिनूची दहावी कशी चाललीय ते कळव. केसपेपरचा फोटो आजच पाठव.

तुझा,
बाळ्या