जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून पुण्यातल्या बऱ्याच घरांत नव्या लॅपटॉपची बोलणी चालू आहेत. सुरक्षेचा तो प्रश्न खराच आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. परंतु व्हिडिओ अडखळतो किंवा गेम रखडतो एवढ्याच कारणाने यंत्र मोडीत काढण्याचा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो, त्याबद्दल हे पत्र.

आमचा लॅपटॉप २०१५ सालचा, पाचव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. नातू त्यावर मोटारशर्यतीचा गेम खेळायला बसला की पहिली दहा मिनिटे बरी जात आणि मग गाडी चिखलात रुतल्यासारखी चाले. एका दुकानदाराने यंत्र न उघडताच ‘आजोबा, याचं आयुष्य संपलं’ असा निकाल दिला. वास्तविक निदान त्या दहा मिनिटांतच होते, कारण यंत्राचा वकूबच नसता तर ते पहिल्या मिनिटापासून रखडले असते. अखेर तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने माझ्यासमोर मागचे झाकण काढले. पंखा आणि त्यापुढची पातळ पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा असा थर बसला होता की तो चिमट्याने कापडाच्या पट्टीसारखा अखंड निघाला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, तर चंचीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी पोपडे धरून बसली होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये, त्यातही लॅपटॉप गादीवर ठेवल्यास, तिथवर जायला त्याला वेळ लागत नाही. सफाई करून नवी पेस्ट लावल्यावर त्याच गेममध्ये ९७ ऐवजी ७८ अंश दिसू लागले.

दुसरी बाब रॅमची, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीची. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्राचे कामही मुख्य रॅममधूनच चालते. चार जीबीची एकच पट्टी असेल आणि शेजारची खाच रिकामी असेल, तर तशीच दुसरी पट्टी बसवल्याने जागा वाढतेच, शिवाय दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहितीची ने-आण होऊ लागते आणि गेमला त्याचाच अधिक फायदा होतो. एसएसडीने, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसवायच्या वेगवान डिस्कने, यंत्र आणि गेम लवकर उघडतात, पण फ्रेमचा (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा) वेग ती फारसा वाढवत नाही, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही.

व्हिडिओचे दुखणे निराळे आहे. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या पद्धतींनी आकसून पाठवते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी-नाइन उलगडण्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, आणि त्याआधीच्या यंत्रांत तो भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच-२६४ या जुन्या पद्धतीचीच मागणी करणारे छोटे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) टाकले की तेच काम ग्राफिक्स चिप सहज उरकते. आमचा पडदा १३६६ बाय ७६८ चा, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपक्यांचा. त्यावर वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचा १०८० चा व्हिडिओ लावण्याचा हट्ट आम्ही सोडला. गेमही आता ७२० वर आणि ३० फ्रेमची मर्यादा घालून चालतो. नातवाने दोन दिवस नाक मुरडले, मग विसरला.

अलीकडचे भारी गेम यावर चालणार नाहीत, कारण ग्राफिक्स चिप बोर्डावरच डाखलेली असते आणि ती बदलता येत नाही. ज्यांना तेच हवेत, त्यांनी खुशाल नवे यंत्र घ्यावे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, पण गल्लीतल्या दुकानाच्या काउंटरवर त्याचा मागमूस दिसत नाही. शहरातल्या संगणक विक्रेत्यांना माझी सूचना अशी, की दुरुस्तीसाठी आलेल्या यंत्राचे चालू स्थितीतले तापमान, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि डिस्कचा प्रकार या तीन नोंदी त्यांनी पावतीवर लिहून द्याव्यात. त्यासाठी फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आणि गेम चालू ठेवलेली पंधरा मिनिटे पुरतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे ३०