बीपीचा पट्टा तरी पुसा

संपादक साहेब,
आयसीयूतल्या बुरशीच्या इन्फेक्शनबद्दल पेपरात फारसं येत नाही म्हणून लिहितोय. माझे काका व्हेंटिलेटरवर होते, ताप काही उतरेना, अँटिबायोटिकं बदलून बदलून झाली आणि शेवटी ब्लड कल्चरमध्ये कँडिडा ऑरिस नावाची बुरशी निघाली. अँटिबायोटिक बुरशीवर चालतच नाही हे मला तोवर माहीत नव्हतं! २००९ साली जपानमध्ये एका पेशंटच्या कानातल्या नमुन्यावरून हिची पहिल्यांदा नोंद झाली, आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने तिला सगळ्यात गंभीर बुरशींच्या गटात टाकलं. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बहुतेक वेळा दाद देत नाही, मग मायकाफंगिनसारखं औषध शिरेतून द्यावं लागतं, तेही नाही चाललं तर अँफोटेरिसिन, पण त्यात किडनी सांभाळा. नुसत्या औषधानं भागत नाही, रक्तात बुरशी असेल तर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळीसुद्धा शक्यतो काढावी लागते. आणि बेडचे कठडे, बीपीचा पट्टा यांवर ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, नेहमीची काही जंतुनाशकं कमी पडतात, क्लोरीनवालं लागतं. काकांचा तोच पट्टा शेजारच्या बेडला लावलेला मी डोळ्यांनी पाहिला, पुसलासुद्धा नाही. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, दोघांत एकच आहे.
– एक वाचक