दादाच्या पायांची आग

धरमपेठ, नागपूर
दि. ११ जून

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत, उन्हाळ्याने यंदाही जीव नकोसा केला आणि मृग लागला तरी कूलर चालूच आहेत. एवढे लिहून खुशालीचा विषय संपवतो, कारण मला तुला दादाबद्दल लिहायचे आहे. दादाने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. पायांची आग ॲक्युपंक्चरने थांबली, म्हणजे आजारच मागे हटला, अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. वहिनी रडकुंडीला आली आहे आणि घरात या विषयावर कोणी तोंड उघडले की तो ताटावरून उठून जातो. काकूंची रक्तदाबाची गोळी कशी सुटली आणि पुढे काय झाले, ते तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्या रात्री मेडिकलच्या वऱ्हांड्यात आपण दोघेच होतो. ते पुन्हा लिहीत नाही, पण म्हणूनच हे पत्र तुला आहे.

दादाने सुयांचा मार्ग माझ्याकडे पाहून धरला, तेव्हा आधी माझ्या खांद्याचे सांगायला हवे. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझा डावा खांदा जखडला. शर्टाची बाही चढवणे, फळ्यावर वरच्या बाजूला लिहिणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे, सगळेच अवघड झाले. आणि रात्री त्या कुशीवर वळलो की जी जाग येई ती पहाटेपर्यंत टिके. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम आणि शेक सांगितला आणि असा खांदा बहुधा वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा, आपला आपण मोकळा होतो असेही प्रामाणिकपणे सांगितले. पण तोपर्यंतच्या रात्री कशा काढायच्या? मीनलच्या शाळेतल्या एका बाईंनी रामदासपेठेतल्या डॉक्टरबाईंचे नाव सुचवले आणि मी गेलो.

तुला हे वाचतानाच घाम फुटला असेल. धनुर्वाताची लस टोचायला माणसे शाळेत आली तेव्हा तू मागच्या भिंतीवरून उडी मारून थेट अंबाझरी गाठली होतीस आणि संध्याकाळी पाटणकर सर तुला शोधत आले होते, ते मला टेबलावर पडल्या पडल्या आठवले आणि हसू आवरेना. बाईंना कारण सांगावे लागले. त्यांनीही हसून मला ती सुई बोटांत धरायला दिली. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिच्या टोकाला धार असते. ही सुई भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि एकदा वापरून टाकून द्यायची. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून ती त्वचेवर टेकवतात आणि वरून बोटाने एक टिचकी मारतात. टोचल्याचे फारसे कळत नाही. कळते ते नंतर, बाई ती सुई किंचित फिरवतात तेव्हा: आत खोलवर एक जड, बधिर ठणका उठतो आणि तो सुईपासून दूर पसरत जातो. चिनी परंपरेत यालाच ‘दे ची’ म्हणतात आणि तो जाणवल्याशिवाय सुई लागू पडली असे मानत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात एक सुई होती, खांद्याभोवती काही होत्या. परंतु मला सर्वांत नवल वाटले ते नडगीच्या बाहेरच्या बाजूला टोचलेल्या सुईचे. ती पायात असताना बाईंनी मला हात हळूहळू वर न्यायला सांगितला आणि तो नेहमीपेक्षा चार बोटे वर गेला.

दिगंबर, मला त्या उपचाराने झोप दिली. दर वेळी अर्धा तास पडून राहायचे आणि त्या रात्री ठणका बोथट झालेला असायचा. पुढे पुढे हा आराम दोन-तीन दिवस टिकू लागला. हात वर गेला तो मात्र व्यायामाने आणि काळाने गेला असे माझे मत आहे, आणि दुखणे कमी झाल्यामुळेच तो व्यायाम मला करता आला. मीनलची अर्धशिशी महिन्यातून येत असे ती आता क्वचित येते. नलूकाकूंच्या केमोथेरपीच्या वेळी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटांवर, एका बिंदूवर सुई टोचत आणि त्यांची मळमळ खरोखर कमी होई. माझ्या कानात जी घंटी वाजते तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही, आणि तो होण्याची खात्री नाही हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

आता आपले जुने भांडण. सीताबर्डीच्या त्या चहाच्या टपरीवर तू म्हणाला होतास की खोट्या गोळीने रोग्याला आराम पडला तरी ती फसवणूकच, आणि मी म्हणालो होतो की आराम पडला ना, मग फसवणूक कसली! त्यावर आपण महिनाभर एकमेकांशी बोललो नव्हतो. जर्मनीत या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी वरवर टोचल्या, आणि तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के लोकांना, आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के लोकांना. म्हणजे नेमका बिंदू कोणता याने फारसे बिघडले नाही, पण सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त आराम पडला. त्यातला किती आराम सुईचा, किती विश्वासाचा आणि किती कोणीतरी अर्धा तास आपल्याजवळ लक्ष देऊन उभे असण्याचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते याचेही पुरावे आहेत. माझ्या खांद्यापुरता हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही, कारण तिथे वेदना हाच माझा शत्रू होता. दादाच्या बाबतीत तसे नाही, आणि हेच मला त्याला समजावता येत नाही.

दादाच्या पायांची आग तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तू आलास तेव्हा तो रात्री न्हाणीघरात पाय थंड पाण्यात सोडून बसला होता. वाढलेल्या साखरेने पायांच्या बारीक नसा खराब होतात, त्या आधी जळजळतात, मुंग्या आणतात, आणि पुढे हळूहळू त्यांची जाणीवच जाते. म्हणजे आग दोन कारणांनी शमू शकते: नस सावरली म्हणून, किंवा नस मेली म्हणून. झोपणाऱ्याला दोन्ही रात्री सारख्याच शांत वाटतात. माझी वेदना कमी झाली तेव्हा हात वर जात होता, तो डोळ्यांना दिसत होता. दादाची आग कमी झाली तेव्हा काय वाढले आणि काय गेले, हे कोणी तपासलेच नाही.

तो माझ्या डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेला नाही, कारण त्यांनी पहिल्याच भेटीत साखरेचे अहवाल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी केली आणि मधुमेहतज्ज्ञांची चिठ्ठी आणायला सांगितली. त्याचा त्याला राग आला. मग कोणाच्या तरी ओळखीने तो दुसऱ्या एका केंद्रात जाऊ लागला. तिथल्या गृहस्थांनी त्याला सांगितले की ऊर्जेचा प्रवाह मोकळा झाला की गोळ्या आपोआप सुटतात. तिथे सुयांच्या जोडीला मॉक्साचा शेक देतात. ही दवण्याच्याच कुळातली एक वनस्पती आहे. तिची सुकी पाने कुटून त्याची जाड विडी वळतात आणि ती पेटवून कातडीपासून बोटभर अंतरावर धरतात. जोतिबाच्या डोंगरावर दवण्याचा वास तू दर चैत्रात घेतोस, त्याच्या जवळचाच वास दादाच्या कपड्यांना येत असे. चटका बसला की सांगा, असे त्याला सांगितले होते. त्याने सांगितले नाही, कारण त्याला तो बसलाच नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीला त्याचा मोजा ओला दिसला. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला, घोट्याच्या खाली, चिंचोक्याएवढा फोड फुटला होता आणि भोवतीची कातडी लालभडक होती. दादा तो मोजा घालून दिवसभर इतवारीत हिंडून आला होता. मी धावत गेलो. जखम धुऊन, पट्टी करून झाल्यावर मी देवघरातली समईची कोरी वात घेतली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि वातीचे टोक त्याच्या अंगठ्यावर, मग करंगळीवर, मग तळव्यावर फिरवले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “अजून लावली नाहीस ना?” वहिनी पाठमोरी होऊन स्वयंपाकघरात गेली. मी वात परत देवघरात ठेवली. नंतर ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी साखर २३८ निघाली आणि दादाने ते यंत्रच बिघडले असल्याचे जाहीर केले.

त्याच्याशी वाद घालणे सोपे नाही, कारण त्याने वाचन केले आहे. तो म्हणतो, ही डॉ. कोटणीसांची विद्या आहे, तिला नावे ठेवू नकोस. त्या केंद्राच्या भिंतीवर कोटणीसांची तसबीर आहे म्हणे. मी त्याला सांगितले की १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आणि ते तिकडे गेले ते युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायला. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले, अपस्माराच्या झटक्याने. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, पुढे पुन्हा चीनला जाऊन, शिकून, आणि कोलकात्यात. यातल्या कोणी मधुमेहाच्या रुग्णाची गोळी काढून घेतली असे मला कुठेही वाचायला मिळालेले नाही. मग तो म्हणाला, सरकारने मान्यता दिली आहे. दिली आहे, खरेच आहे. महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आहे आणि केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचार म्हणून मान्यता दिली. म्हणूनच तर उपचार करणाऱ्याने नोंदणी दाखवावी, रुग्णाला त्याचे आजार विचारावेत आणि बधिर पायाजवळ निखारा नेऊ नये, अशी अपेक्षा आपण ठेवायची. यावर तो ताटावरून उठला.

मला त्याच्या सुया बंद करायच्या नाहीत, हे तू नीट लक्षात घे. ज्या माणसाने दोन वर्षे धड झोप पाहिली नाही त्याला कशानेही आराम पडला असेल तर तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. त्याने डॉक्टरबाईंकडे यावे, हवे तर सुया घ्याव्यात, शेक पूर्ण बंद करावा, आणि गोळ्या आजच्या आज सुरू कराव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने एकदा मधुमेहतज्ज्ञांकडून पाय तपासून घ्यावेत. ते नायलॉनचा एक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात, दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, आणि जिथे तो कळत नाही तिथली जाणीव गेली असे समजतात. ट्यूनिंग फोर्क हाडाला लावून कंपन कळते का तेही पाहतात. पाच मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. शिवाय तो वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत होता. तिने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पाय बधिर होतात, तेव्हा रक्ताची ती तपासणीही व्हायला हवी. त्यातून काही भरून येण्यासारखे निघाले तर माझ्याइतका आनंद कोणाला होईल?

हे सगळे मी सांगितले की त्याला धाकट्या भावाचा आगाऊपणा वाटतो. तुझे तो ऐकेल. तुला त्याने पोहायला शिकवले, तुझ्या लग्नात तो माझ्या लग्नापेक्षा जास्त नाचला, आणि काकू गेल्या त्यानंतरचे वर्षभर तू दर रविवारी त्याच्याकडेच जेवलास. काकूंचे तू त्याच्यापाशी कधी बोलला नाहीस हे मला माहीत आहे. ते बोलायला लावणे मला जड जाते आहे, पण तेवढे एकच त्याच्या मनात शिरेल असे वाटते.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले का? श्रुतीचा पुण्याचा प्रवेश झाल्याचे मीनलला सुलभाकडून कळले, फार आनंद झाला. पेढे उधार राहिले. तुझ्या बदलीचे पुढे काय झाले तेही कळव.

रविवारी दादा पूजा आटोपून साडेनऊच्या सुमारास अंगणात पेपर घेऊन बसतो. तेव्हा फोन कर. वहिनीला मी कल्पना दिली आहे, ती त्याच्याच हातात देईल. या पत्राचे त्याला सांगितलेस तरी चालेल. तो माझ्यावर रागावेल तेवढेच. आणि रजा मिळत असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेसने सरळ निघून ये. तपासणीची वेळ मी मंगळवारची घेऊन ठेवली आहे, त्याला अजून सांगितलेले नाही.

सुलभाला नमस्कार, श्रुतीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत