सर्व्हरला एकटी डिस्क जोडू नका

संपादक महोदय,

गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांत वजनकाट्याचे सर्व्हर तपासले जातात. पतसंस्थांत आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतही लिनक्स सर्व्हर असतात. डिस्क भरली की बहुतेक ठिकाणी एक नवी डिस्क आणून एलव्हीएममध्ये, म्हणजे अनेक डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेत, जोडली जाते. काम काही मिनिटांचे, म्हणून पुढचा विचार होत नाही. पण लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे या एकत्र जागेतून वेगळा काढलेला भाग, दोन डिस्कवर पसरला की त्यातली कुठलीही एक बिघडली तरी अख्खी फाइल सिस्टीम (त्यावरची फाइलींची मांडणी) हातची जाते. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात बिनाएसीच्या खोलीत चाललेल्या जुन्या डिस्कच्या गळ्यात नवी बांधणे म्हणजे हिशेबाची सगळी दप्तरे पणाला लावणे.

डिस्क खरंच भरली आहे का, हे आधी पाहा. भरलेली जागा दाखवणारा ‘डीएफ’ शंभर टक्के दाखवतो आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज निम्मीच भरते, तेव्हा बहुधा पुसलेली लॉग फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी धरलेली असते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने तो प्रोग्राम शोधून रीस्टार्ट केला की जागा सुटते, खरेदी टळते.

जागा वाढवायचीच असेल तर सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क घ्या, ‘एमडीएडीएम’ या आज्ञेने त्यांचा रेड १ (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी जोडी) करा आणि तोच एलव्हीएमसाठी डिस्क तयार करणाऱ्या ‘पीव्हीक्रिएट’ला द्या. त्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्ये आकार आणि सिरियल नंबर पडताळा, कारण रीबूटनंतर एसडीबी नावाच्या डिस्कची एसडीसी होऊ शकते आणि भलतीच डिस्क पुसली जाते. मग ती जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (डिस्कच्या एकत्र साठ्यात) घालणारा ‘व्हीजीएक्स्टेंड’, शेवटी व्हॉल्यूम वाढवणारा ‘एलव्हीएक्स्टेंड’. त्याला ‘-आर’ द्यायला विसरलात तर व्हॉल्यूम वाढतो, आतली फाइल सिस्टीम तेवढीच राहते. सगळी जागा एकदम वाटू नका. एक्सएफएस प्रकारची फाइल सिस्टीम वाढवता येते, पुन्हा लहान करता येत नाही असेच धरून चाला. ईएक्सटी४ प्रकारची लहान होते, पण अनमाउंट करून (वापरातून सोडवून), आणि आधी फाइल सिस्टीम, नंतर व्हॉल्यूम. क्रम उलटला की शेवटाकडचा डेटा कापला जातो.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’मध्ये पेंडिंग सेक्टर (डिस्कचे वाचायला अडलेले तुकडे) वाढताना दिसले तर हंगाम संपायची वाट पाहू नये. आधी बॅकअप, मग ‘पीव्हीमूव्ह’. तो चालू सर्व्हरवरच डेटा नव्या डिस्कवर हलवतो, पण सेक्टर वाचताच आला नाही तर मध्येच अडतो, म्हणून उशीर महागात पडतो. जुनी डिस्क ‘व्हीजीरिड्यूस’ने ग्रुपमधून वगळल्याशिवाय काढू नका.

स्नॅपशॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या एका क्षणाच्या टिपलेल्या स्थितीला, बॅकअप समजण्याची चूक तर सर्रास होते. तो त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये असतो, आणि साध्या स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो निकामी होतो.

संस्थाचालकांना विनंती, मागणीपत्रात ‘डिस्क, १ नग’ला मंजुरी देऊ नका. २ नग लिहा, आणि दुसऱ्या यंत्रावरच्या बॅकअपसाठी तिसरा.

– लिनक्स सर्व्हर सांभाळणारे काही तंत्रज्ञ, सोलापूर