दात येतील तेव्हा येतील

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जपानमध्ये दात पुन्हा उगवायला लागलेत, मग आता कवळी कशाला?" मी गप्प बसले, कारण मला नीट माहीत नव्हतं. आठवडाभर रात्री बसून मिळेल ते वाचून काढलं. फोनवर हे सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून पत्र.

बातमी खरी आहे. आधी तेच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मोडता घालायलाच बसली आहे. ओसाकातल्या किटानो रुग्णालयातले डॉ. कात्सु ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं याच्या मागे आहेत. आपल्या शरीरात यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन असतं. दाताच्या अंकुराला 'वाढ' म्हणून सांगणाऱ्या रसायनांना ते अडवून धरतं. ज्या उंदरांत हे प्रथिन जन्मापासूनच नव्हतं, त्यांना जास्तीचे दात आलेले दिसले. मग या मंडळींनी त्या प्रथिनालाच निकामी करणारी अँटिबॉडी बनवली. जन्मतः दात कमी असलेल्या उंदरांना ती दिली आणि दात आले. फेरेट नावाच्या प्राण्यालाही जास्तीचा दात आला. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. मला फेरेटचंच अप्रूप वाटलं, कारण उंदराला दात एकदाच येतात, पण फेरेटला आपल्यासारखे आधी दुधाचे आणि मग कायमचे येतात. ताकाहाशींचं म्हणणं असं, की माणसाच्या जबड्यातही तिसऱ्या खेपेच्या दातांचे अंकुर निजलेले असतात, त्यांना जागं करायचं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला आशा का वाटली ते तेव्हा कळलं.

पण बाबा, पुढचंही ऐका. २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. त्यासाठी ठरवले ते ३० पुरुष, ३० ते ६४ वयाचे, निदान एक दाढ नसलेले. आणि ती चाचणी प्रामुख्याने औषध सुरक्षित आहे ना, एवढंच पाहण्यासाठी. त्यानंतर पाळी येणार ती जन्मतःच अनेक दात नसलेल्या लहान मुलांची. त्या मुलांसाठी २०३० च्या सुमारास औषध हाती यावं, अशी त्यांची उमेद आहे. मला वाटतं, हा क्रम योग्यच आहे. ज्या लेकराला दात आलेच नाहीत, त्याचा हक्क आधी. तुमच्यासारख्या म्हातारपणी दात पडलेल्यांचा नंबर त्याच्याही नंतर, आणि तुम्ही आता ७३ चे आहात.

दात म्हणजे नख नव्हे, की कापलं आणि वाढलं. वरचं कडक आवरण बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात. कीड लागून पडलेला खड्डा आपोआप भरत नाही, तो त्यामुळेच. शिवाय नवा दात योग्य जागी यायला हवा, योग्य आकाराचा यायला हवा, मुळाशी हाडाला नीट धरून बसायला हवा. इतकं सगळं जमायला वेळ लागणारच.

तोवर तुमचं तोंड मात्र थांबून राहत नाही. दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे कलतात, वरच्या किंवा खालच्या जबड्यातला त्याच्यासमोरचा दात त्या जागेत सरकतो. हिरडीचा उंचवटा जितका कमी, तितकी पुढे कवळीला पकड कमी. म्हणजे ज्या दाताची वाट पाहायची, त्याची जागाच आपण घालवून बसायची! इम्प्लांटचंही, म्हणजे हाडात पक्क्या बसवायच्या कृत्रिम दाताचंही, डॉक्टरांना विचारू. हाड आणि तब्येत पाहून ते सांगतील. नाही जमलं तर कवळी. त्यात कमीपणा कसला?

आई, तू सांगितलंस ते माझ्या मनातून जात नाही. हे घास न चावताच गिळतात आणि अर्ध्या ताटावरून उठतात, म्हणालीस. बाबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. आणि आई, तुझा तो हलणारा दात दोन महिने तसाच आहे. हिरड्या सुजल्यात का, ते आरशात बघ. तुझे आहेत ते दात टिकवणं आज आपल्या हातात आहे.

शनिवारी सकाळी मी येते आहे. डेंटिस्टची दोघांची वेळ घेऊन ठेवली आहे, अकराची. बाबा, तुमचे जुने एक्स-रे कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, ते काढून ठेवा. आणि ते बातमीचं कात्रण टाकू नका, मला हवं आहे.

तुमची,
ताई