रविवारी सकाळी ७ वाजता : रस्ता सुरक्षा फेरी

सभासदहो, नमस्कार. येत्या रविवारी आपण मागच्या फाटकापाशी जमतो आहोत. गाडीवाले, सायकलवाले, पायी फिरणारे, सगळ्यांनी यावं. भाषण नाही, चौकापर्यंत चालत जाऊन आपलाच रस्ता नीट बघायचा आहे.

दुचाकीवाल्यांनी हेल्मेट आणा. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का, पट्टा घट्ट बसतो का, ते तपासू. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागतं, भाजी आणायला निघाला असलात तरी.

चालकांनी गाडीचं दार डाव्या हाताने उघडून बघायचं आहे. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. मला ही सवय लागायला पंधरवडा गेला, पण आता हात आपसूक जातो. सायकलींना मागे लाल दिवा हवाच.

पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने चाला, समोरून येणारं वाहन दिसतं. पहाटे फिरणाऱ्या आजी-आजोबांनी फिकट रंगाचे कपडे घालावेत, ही कळकळीची विनंती.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, घाबरू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे; नाव सांगायची सक्ती पोलिसांना करता येत नाही.